आत्याबाईच्या तेलात पाणी

खात्रीमिस्त्री हा काही भित्रा माणूस नव्हता, हे आधीच सांगितलेलं बरं. एकदा जॅक घसरून भरलेली ट्रॉली त्याच्या छातीच्या वीतभर वर येऊन अडकली, तेव्हा बाहेरची माणसं बोंबलत होती आणि हा खालून विचारत होता, "बोंबलताय काय, पाना द्या तो इकडे." एकदा पेट्रोलच्या घमेल्याने पेट घेतला, तर पळणाऱ्यांमध्ये हा नव्हता, ओलं पोतं घेऊन उलट धावणाऱ्यांमध्ये होता. असा माणूस एका सकाळी, तेल मोजायची पट्टी नुसती हातात धरून, घाबरला.

पट्टीवर तेल होतं, पण त्याला तेल म्हणवत नव्हतं. दुधाळ, भुरकट, दूध जास्त झालेल्या चहासारखं काहीतरी पट्टीला चिकटलं होतं, आणि ते वरच्या खुणेच्याही बरंच वर आलं होतं. तेल कमी होणं रोजचंच. ते आपोआप वाढलं तर समजायचं की त्यात भलतंच काही शिरलंय. इंजिनाच्या पोटात पाणी गेलं होतं.

"अरे मिस्त्री, बघतोयस काय असा? मुलगी बघायला आल्यासारखा!" रोपवाली काकू ट्रॅक्टरच्या सीटवरून उतरत म्हणाली.

रस्त्याच्या टोकाला काकूची रोपवाटिका होती, आणि हा ट्रॅक्टर काकूच्या लग्नाआधीपासून त्या घरात होता. सगळे त्याला आत्याबाई म्हणत. सकाळी उठली की कुरकुर, येणाऱ्याजाणाऱ्याच्या तोंडावर धूर, आणि तरी तिच्याशिवाय घरातलं एक काम हलायचं नाही. आज आत्याबाई दुसऱ्याच्या ट्रॅक्टरमागे दोराने बांधून आली होती, आणि काकू स्टिअरिंग धरून वाटभर पुढच्या माणसाला शिव्या घालत आली होती.

"आठवडाभर पाऊस, गिऱ्हाईक नाही, ही उभीच होती," काकू सांगायला लागली. "काल चालू करायला गेले तर हलेचना. मग एकदाची हलली ती वरच्या नळीतून काळं पाणी थुंकत. माझं लुगडं बघ! जरा वेळ चालली, पांढरा धूर ओकली, मी पट्टी काढून बघितली आणि लगेच बंद केली. बरोबर केलं ना?"

"बरोबर केलंत," मिस्त्री म्हणाला, पण त्याचं लक्ष नव्हतं. वरच्या नळीतून पाणी उडालं, या एका वाक्यावर एरवी त्याने अर्धं काम संपवलं असतं. आज ते वाक्य त्याच्या कानावरून गेलं, कारण त्याच्या डोक्यात दुसरीच घंटा वाजायला लागली होती. याच उन्हाळ्यात आत्याबाईचं इंजिन त्याने स्वतःच्या हाताने पूर्ण खोललं होतं आणि स्वतःच्या हाताने बसवलं होतं.

पिस्टन ज्या नळकांड्यांतून वरखाली धावतात त्यांना लायनर म्हणतात. आत्याबाईसारख्या जुन्या इंजिनात लायनरच्या बाहेरून गार करायचं पाणी खेळतं आणि खाली तेलाची परात असते. पाणी आणि तेल यांच्यामध्ये अडसर एवढाच, की लायनरच्या बुडाशी खाचेत रबरी रिंगा बसवलेल्या असतात. बोटाएवढ्या जाडीच्याही नाहीत. त्या बसवायला विसरलात, तर पाणी मुकाट्याने खाली उतरतं आणि काही दिवसांनी पट्टीवर हा असा चहा येतो.

मिस्त्रीने रिंगा बसवल्याचं आठवून बघितलं. जुने लायनर ठोकून काढले, ते आठवलं. आतला गंज खरवडला, ते आठवलं, त्या वेळी बायकोने चहा आणून ठेवला आणि त्यात गंज पडला म्हणून ती बडबडली, तेही आठवलं. त्यानंतर एकदम हेडचे, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणाचे, नट आवळतानाचे आपले हात दिसले. मधलं काहीच दिसेना. रिंगांना साबणाचं पाणी लावणं, बोटाने खाचेत दाबणं, पीळ पडलाय का बघणं, यातलं काही म्हणता काही नाही.

त्याने पट्टी पुसून पुन्हा आत घालून बघितली. तोच चहा.

आता या माणसाला खात्री हे नाव कसं पडलं ते सांगायला हवं, म्हणजे तो एवढा का घाबरला ते कळेल. गिऱ्हाइकाने विचारलं, "झालं का?" तर तो कधीच हो म्हणायचा नाही. "खात्री करून सांगतो," म्हणायचा, आणि पुन्हा एकदा सगळ्या नटांवरून पाना फिरवून यायचा. खात्री करण्याची त्याची एक पद्धत होती. दुकानाच्या भिंतीवर दोन खिळ्यांना ताणलेली एक तार होती. इंजिनातून निघालेला प्रत्येक जुना सील, प्रत्येक रिंग, प्रत्येक पिन तो त्या तारेवर लटकवायचा. नवी बसवली की मगच जुनी कातरून टाकायची. तार रिकामी झाल्याशिवाय गाडी दुकानातून बाहेर पडत नसे. हे सगळं तो इतक्या तोऱ्यात सांगायचा, की नव्याने आलेलं गिऱ्हाईक गाडीऐवजी तारच बघत बसायचं.

एवढ्यावर थांबला असता तर ठीक. रस्त्यापलीकडे त्याच्याच एका चेल्याने स्वतःचं दुकान टाकलं होतं. त्याला मिस्त्री नुसतं 'समोरचा' म्हणायचा. समोरच्याकडे काम संपत आलं, की मिस्त्री न बोलावता रस्ता ओलांडून जायचा, झालेल्या कामाला पाना लावून बघायचा आणि गिऱ्हाइकादेखत म्हणायचा, "ठीक आहे. सुधारतोयस." समोरचा दोन पोरांचा बाप झाला होता, पण त्याचे कान लाल व्हायचे.

त्या सकाळी मिस्त्री तारेकडे गेला. कित्येक दिवसांत त्याने तिच्याकडे नीट बघितलं नव्हतं. पुढे दोन पट्टे लटकत होते, ते बाजूला केले, आणि मागे, भिंतीला चिकटून, कडक होऊन वाकड्या झालेल्या जुन्या रबरी रिंगा दिसल्या. लायनरच्याच. एकही कातरलेली नव्हती.

"काय रे, काय झालं?" काकूने विचारलं. "तोंड का असं उतरलं?"

"काही नाही. खात्री करून सांगतो," तो म्हणाला, आणि आपल्याच तोंडून हे शब्द ऐकताना त्याला कसंतरीच झालं.

भीती इंजिनाची नव्हती. रिंगा राहिल्या असतील तर पुन्हा खोलून बसवता येतात, स्वतःच्या खिशातून बसवू, माफी मागू. भीती वेगळीच होती, आणि तिचं नाव घ्यायलाही तो घाबरत होता. मिस्त्रीचा थोरला भाऊ शिंपी होता. गावात त्याच्यासारखी कॉलर कुणी शिवत नसे. साधारण मिस्त्रीच्या आजच्या वयाचा असताना दादाने एक शर्ट शिवला, त्याला दोन्ही बाजूंनी काजं होती आणि बटण कुठेच नव्हतं. घरभर हसू झालं. मिस्त्री स्वतः तो शर्ट घालून आरशासमोर उभा राहिला होता आणि हसून हसून त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. पुढे दादा कात्री कुठे ठेवली ते विसरला, मग दुकानाची वाट विसरला, मग एके दिवशी दारात उभ्या असलेल्या मिस्त्रीला त्याने अगदी अदबीने विचारलं, "आपण कोण? माप द्यायला आलात का?"

शर्टावर हसलो तेव्हाच ते सुरू झालं होतं, हे मिस्त्रीला फार उशिरा कळलं होतं.

तेवढ्यात रस्त्यावरून ओळखीचा भोंगा वाजला. शाळेची व्हॅन. खिडक्यांतून पोरांचे हात बाहेर आले, "मिस्त्रीआजोबा!" म्हणून कोणीतरी ओरडलं, आणि व्हॅन उतारावरून पुलाकडे निघून गेली. गेल्याच आठवड्यात त्या व्हॅनची चारही चाकं काढून मिस्त्रीने ब्रेक केले होते. चाकाच्या मधल्या नटात एक छोटी पिन घालावी लागते, नाहीतर नट फिरत फिरत सुटतो आणि चाक निघून जातं. पिना त्याने घातल्या होत्या का?

तारेवर पिन एकही नव्हती. म्हणजे नव्या घातल्या होत्या, जुन्या कातरल्या होत्या. पण ज्या तारेने आत्ताच दगा दिला होता, तिच्यावर भरवसा कशाच्या जोरावर ठेवायचा?

व्हॅनमागे धावावं असं त्याला वाटलं. पण धावून सांगायचं काय? मला आठवत नाही, असं? 'खात्री' नावाच्या माणसाने? आधी आत्याबाईचं बघू, असं त्याने मनाला बजावलं. रिंगा जागेवर असतील तर आपलं डोकंही जागेवर आहे, नसतील तर मग पुढचं पुढे. असा सौदा त्याने स्वतःशीच केला आणि बाह्या सरसावल्या. त्या सौद्यात उतारावरची पोरं गहाण पडली होती, हे त्याला कळत होतं आणि कळून घ्यायचं नव्हतं.

"काकू, घरी जा. संध्याकाळी सांगतो."

"मी कुठे जातेय? आत्याबाईचं ऑपरेशन, आणि मी घरी?" काकूने एक टायर ओढला आणि त्यावर बैठक मारली.

मिस्त्री आत्याबाईच्या खाली शिरला आणि परातीच्या बुडाचा बोल्ट हलकेच सैल केला. पाणी तेलापेक्षा जड, उभ्या इंजिनात ते तळाला बसतं. आधी थेंब थेंब आणि मग धार लागली, ती निव्वळ पाण्याची, गढूळ पाण्याची. नंतर तो दुधाळ चिखल आला. त्याच्या बोटांवरून मनगटापर्यंत तो ओघळत आला तरी त्याला हात काढायचं सुचलं नाही. सगळं तेल निघाल्यावर त्याने परातीचे बोल्ट एकेक करून सोडवले. प्रत्येक बोल्ट काढताना तो मोठ्याने म्हणत होता, "हा काढला. हा काढला."

"कुणाशी बोलतोयस?" वरून काकू.

"आत्याबाईशी."

"उत्तर देतेय का?"

"अजून नाही."

परात खाली आली आणि इंजिनाचं पोट उघडं पडलं. वर बॅटरीचा उजेड टाकल्यावर लायनरची बुडं गोल गोल दिसायला लागली. आता खरी परीक्षा. त्याने रेडिएटर काठोकाठ भरला, भोक पाडून हवा भरायची नळी बसवलेलं एक जुनं झाकण त्यावर लावलं आणि सायकलच्या पंपाने हळूहळू हवा मारली. पाण्यावर दाब पडला, की जिथे वाट असेल तिथून ते बाहेर येणारच. खाली जमिनीवर त्याने कोरडे कागद पसरले, म्हणजे एक थेंब पडला तरी डाग दिसेल. मग पाठीवर झोपला, बॅटरी वर धरली आणि बघत राहिला.

एका लायनरच्या कडेला काहीतरी चमकलं. बोट लावून बघितलं. तेल होतं. पुन्हा दुसरीकडे चमकलं. तेलच. डोळ्यांत घाम उतरत होता, पण पापणी मिटली आणि नेमका तेव्हाच थेंब पडला तर, म्हणून तो डोळे पुसायलाही तयार नव्हता.

"अहो, जेवायला चला," बायकोची हाक आली. दुकानाच्या मागेच त्यांच्या दोन खोल्या होत्या. दाब तसाच ठेवून, काकूला कागदांवर लक्ष ठेवायला सांगून तो आत गेला. पानावर बसला तरी डोळ्यांपुढे लायनरच होते.

"मीठ दे जरा," तो म्हणाला.

"आत्ताच नाही का दिलं? ताटात आहे बघा."

त्याने ताटात बघितलं. कडेला मीठ होतं. बायको सहज बोलून गेली होती आणि वाढायलाही लागली होती, पण याचा घास हातातच राहिला.

"काय ग," त्याने आवाज शक्य तितका साधा ठेवत विचारलं, "मी हल्ली विसरतो का?"

"हल्ली?" बायको हसली. "लग्न झाल्यापासून मी सांगितलेलं एक तरी काम तुमच्या लक्षात राहिलंय का?"

तो हसला नाही. बायकोने मग त्याच्याकडे नीट बघितलं. तिने काही विचारायच्या आत तो हात धुवून उठला.

कागद कोरडे होते. सगळे. त्याने प्रत्येक कागद उचलून उजेडात धरून बघितला. पंपाचा दाब जसाच्या तसा होता, रेडिएटरातलं पाणी तसूभरही उतरलं नव्हतं. म्हणजे पाणी खालून येत नव्हतं. वरच्या हेडचीही काही तक्रार नव्हती, नाहीतर दाब टिकलाच नसता. रिंगा जागेवर होत्या. त्याने बसवल्या होत्या, व्यवस्थित, पीळ न पडता. जुन्या कातरायच्या तेवढ्या राहिल्या होत्या.

त्याचा जीव भांड्यात पडला. तो आत्याबाईखालून बाहेर आला तो तरुण होऊन. "काकू! रिंगा ठणठणीत आहेत! इंजिनाला काही झालेलं नाही!"

"मग पाणी काय, स्वर्गातून आलं?"

"स्वर्गातून," मिस्त्री म्हणाला, आणि म्हणता म्हणता थांबला. सकाळी कानावरून गेलेलं वाक्य आता आत शिरलं. वरच्या नळीतून काळं पाणी उडालं होतं. आत्याबाईची धुराची नळी बॉनेटमधून सरळ आभाळाकडे गेलेली. त्याने नळी सोडवली. तिच्या वाकणात अजून काजळीचं पाणी साचलेलं होतं. पावसाचं पाणी नळीतून आत, उघड्या राहिलेल्या वॉल्व्हमधून पिस्टनवर, आणि पिस्टनच्या कडेने झिरपत झिरपत तेलात. आठवडाभर.

"हिच्या नळीवर डबा असतो ना हो काकू? उभी असताना पालथा घालता तो? तो कुठाय?"

पत्र्याचा डबा होता तो, लहान मुलांच्या दुधाच्या भुकटीचा, काकूच्या मुलाच्या लहानपणचा. मुलगा मिशा फुटून नोकरीला लागला तरी डबा आत्याबाईच्या डोक्यावर टोपीसारखा होताच.

"मला काय विचारतोस?" काकू म्हणाली. "तूच तर नेलास. पावसाच्या आदल्या दिवशी पट्टा बदलायला आला होतास, चालू करून बघायला डबा काढलास आणि पिशवीत टाकलास. मी म्हटलं, अरे डबा! तर म्हणालास, काकू, लक्षात आहे, जाताना ठेवतो."

"मी?"

"नाहीतर कोण? दोनदा म्हणालास. मग मीही विसरले, पाऊस लागला. एवढं काय त्यात, होतं असं!" काकू खदाखदा हसायला लागली. तिच्या दृष्टीने गोष्ट संपली होती. इंजिन वाचलं होतं, तेल बदललं की झालं.

मिस्त्रीला पट्टा बदलल्याचं आठवत होतं. डबा आठवत नव्हता, काकूची हाक आठवत नव्हती, दोनदा दिलेलं उत्तर आठवत नव्हतं. तो सावकाश वळला. फळीवर डिझेल भरलेला एक डबा होता, त्यात त्याचे ब्रश भिजत असायचे. आज सकाळपासून त्याने कितीदा तरी त्यातला ब्रश उचलला होता. कालही उचलला होता, परवाही. त्याने डबा भिंतीकडून आपल्याकडे फिरवला. काजळीच्या ओघळांमधून एक गुबगुबीत बाळ त्याच्याकडे बघून हसत होतं.

इतके दिवस तो ज्या डब्यात हात घालत होता, तो डबा कुणाचा आहे हे त्याला एकदाही कळलं नव्हतं. पायाखालून जमीन सरकली म्हणजे काय होतं, ते त्या क्षणी त्याला कळलं. सौदा फिसकटला होता. रिंगा जागेवर होत्या आणि तरीही डोकं जागेवर नव्हतं.

आणि शाळा सुटायची वेळ होत आली होती.

मिस्त्री तसाच, तेलाने माखलेला, रस्त्यावर धावला. रिकामी व्हॅन पोरांना आणायला निघाली होती, ती त्याने दोन्ही हात पसरून अडवली.

"अहो मिस्त्री, मरायचंय का?" व्हॅनवाला मामा ओरडला.

"गाडी बाजूला घ्या. चाकं काढायचीत."

"आत्ता? पोरं फाटकात उभी राहतील!"

"राहू देत. बाजूला घ्या म्हणतो ना!"

त्याचा आवाज असा काही फुटला, की मामाने मुकाट्याने गाडी वळवली. मिस्त्रीने ती आपल्या दुकानात घेतली नाही. ती त्याने समोरच्याच्या दुकानात लावायला लावली. समोरचा हातातलं काम टाकून पुढे आला.

"काय झालं वस्ताद?"

"हिचे ब्रेक मी केलेत," मिस्त्री म्हणाला. त्याला धाप लागली होती. "तू बघ. मला बघायला सांगू नकोस. तू बघ."

समोरच्याला आधी वाटलं, ही काहीतरी नवी थट्टा आहे. पण मिस्त्री स्वतः पाना उचलायला तयार नव्हता, आणि वस्तादांना असं मागे राहताना त्याने कधी बघितलं नव्हतं. त्याने जॅक लावला. पहिलं चाक निघालं. ब्रेक चोख, पिन जागेवर, तिचे दोन्ही पाय दोन बाजूंना वळवलेले. दुसरं, तसंच. तिसरं, तसंच. "वस्ताद, असं काम मला जन्मात जमणार नाही," समोरचा म्हणाला. मिस्त्री ते काम दुसऱ्या कुणाचं असल्यासारखं बघत होता. त्याला त्यातलं काही म्हणजे काही आठवत नव्हतं.

चौथं चाक निघालं आणि समोरचा खाली वाकला.

पिन होती. तिचे पाय वळवलेले नव्हते. नुसती भोकात घालून ठेवलेली, आणि धक्के खाऊन खाऊन ती अर्धीअधिक बाहेर आली होती. समोरच्याने मान न उचलता बोटाने ती आत दाबली, पक्कड घेतली, एक पाय इकडे वळवला, एक तिकडे. मग फडक्याने नट पुसला.

"झालं का?" मामाने बाहेरून विचारलं.

"झालं मामा. नुसती धूळ होती," समोरचा म्हणाला.

मामा पोरांना आणायला निघून गेला. मिस्त्री समोरच्याच्या दुकानात खाली बसला, भिंतीला टेकून, डोकं गुडघ्यांत घालून.

"मी बघितली ती पिन," तो म्हणाला.

"वस्ताद, होतं एखाद्या वेळी. माझं तर रोज होतं, तुम्हीच दाखवता की."

"माझं होत नव्हतं." मिस्त्रीने वर बघितलं. "माझ्या दादालाही असंच सुरू झालं होतं. मला भीती वाटते रे. फार भीती वाटते. आज ती पोरं मला हात करून गेली, आणि मी त्यांना जाऊ दिलं, आधी स्वतःची अब्रू तपासत बसलो."

भीती वाटते, हे वाक्य त्याने आयुष्यात पहिल्यांदा कुणासमोर उच्चारलं होतं. समोरचा वस्तादांच्या शेजारी जमिनीवर येऊन बसला. थोड्या वेळाने पोरांनी भरलेली व्हॅन भोंगा वाजवत परत गेली. ती पुलापलीकडे दिसेनाशी होईपर्यंत दोघं उठले नाहीत.

घरी त्याने बायकोला सगळं सांगितलं. रिंगा, डबा, पिन, काही लपवलं नाही. ती शेवटपर्यंत ऐकत राहिली. मग म्हणाली, "दोन वेळा दुकान उघडं टाकून आला होतात. मीच कुलूप लावलं. म्हटलं, दमला असाल." आणि जरा थांबून, "उद्या दवाखान्यात जाऊ. मी बरोबर येते." तिने त्याचा तेलकट हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी तपासण्या लिहून दिल्या, काही इथल्या, काही मोठ्या दवाखान्यातल्या. काय निघेल ते निघेल. दुकानावर परत आल्यावर मिस्त्रीने आत्याबाईची परात चढवली. समोरचा स्वतःचं दुकान तसंच ठेवून, न बोलावता, रस्ता ओलांडून आला आणि प्रत्येक बोल्टला पाना लावून बघायला लागला. मिस्त्री बॅटरी धरून उभा राहिला.

"मोठ्याने सांग," तो म्हणाला.

"हा घट्ट. हा घट्ट. हा पण घट्ट."

नवं तेल भरलं. आत्याबाई खोकली, कुरकुरली आणि एकदाची नेहमीच्या सुरात बोलायला लागली. तिला गरम करून, बंद करून, पट्टी काढून बघितली. तेल स्वच्छ, सोनेरी. काकू न्यायला उद्या येणार होती, आणि आभाळ भरून आलं होतं. मिस्त्रीने डबा डिझेलने धुतला, फडक्याने पुसला, टाचा उंचावून नळीवर पालथा घातला आणि वरून दोनदा दाबला. गुबगुबीत बाळ उलटं होऊन रस्त्याकडे बघत हसत राहिलं.

मिस्त्री पाच पावलं मागे आला. डबा समोरच होता. तो त्याच्याकडेच बघत होता.

"ठेवला ना रे मी?" त्याने विचारलं.

"ठेवला, वस्ताद," समोरचा म्हणाला.